साखळीशिवाय मोजणी: पावलं, जपमाळ आणि उकळतं पाणी घेऊन डोंगर-तळ्यांचा नकाशा कसा काढायचा

१० जानेवारी १८६६ रोजी नैनसिंग रावत ल्हासात पोचले, तेव्हा त्यांच्या सामानात कुणाला खटकावं असं काही दिसत नव्हतं. हातात जपमाळ, तिबेटी लोक फिरवतात तसं प्रार्थनाचक्र, चालायला काठी आणि कपड्यालत्त्यांची एक पेटी. फक्त माळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. चक्राच्या पोटात मंत्रांच्या जागी नोंदींच्या कागदी पट्ट्या होत्या. काठी पोकळ होती आणि तिच्यात थर्मामीटर होता. पेटीला चोरकप्पा होता, त्यात सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्या-सूर्याची उंची कोनात मोजायचं यंत्र. पारा कवड्यांमध्ये भरून आणलेला.

एवढ्या ऐवजावर कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातल्या, मिलम गावच्या या शाळामास्तरांनी सुमारे १,२०० मैल वाटेची मोजणी केली. काठमांडूहून ल्हासा, आणि तिथून त्सांगपो (तिबेटातली ब्रह्मपुत्रा) नदीच्या कडेने पश्चिमेला मानसरोवरापर्यंत. एकतीस ठिकाणचे अक्षांश काढले, वाटेतल्या उंच्या काढल्या.

ही मोजणी नेमकी कशी करतात हे वाचून कळत नाही, करून कळतं. मी ती गावाजवळच्या पाझर तलावावर करून बघितली. पहिल्यांदा फसली. कशी फसली ते शेवटी सांगतो, कारण ती चूक सापडली तेव्हाच मला ही पद्धत खरी समजली.

आधी हे का करावं लागलं

सर्वेक्षणाची राजेशाही पद्धत त्रिकोणांची. एक पायारेषा साखळीने काटेकोर मोजायची, तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या खुणेचे कोन घ्यायचे, त्रिकोण सोडवायचा, आणि त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभा करायचा. विल्यम लँब्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ हे काम सुरू केलं आणि दोन दशकं उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ मध्ये तो वारला तो आपल्या हिंगणघाटला. त्याची कबर अजून तिथे आहे, वर्ध्याकडे जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असते कोण जाणे. त्याचा मोठा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचा होता, ३६ इंची चक्राचा. तो उचलायलाच माणसांचा ताफा लागायचा.

त्रिकोणांची नजर लांब जाते. १८५६ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षणातल्या थॉमस माँटगोमेरीने काश्मीरमधल्या हरमुखवरून काराकोरमची दोन शिखरं टिपली आणि वहीत के-१, के-२ अशी नोंद केली. अंतर दोनशे किलोमीटरच्या वर होतं. पण लांबून दिसतं ते शिखर. त्यामागची नदी कुठे वळते, तळं केवढं आहे, वाट कुठल्या खिंडीतून जाते, हे दिसत नाही. तिथे चालतच जावं लागतं आणि तिबेटमध्ये युरोपियनांना बंदी होती. काश्मीर-लडाखच्या मोजणीत माँटगोमेरीच्या ध्यानात आलं की व्यापारी आणि यात्रेकरू मात्र सीमा ओलांडून सर्रास ये-जा करतात. मग १८६३ पासून नैनसिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मणिसिंग यांना डेहराडूनला तयार करण्यात आलं. ही हेरगिरीच होती, उगाच गोड शब्द वापरण्यात अर्थ नाही. म्हणूनच अहवालांत नावांऐवजी ‘पंडित’, ‘ए-के’ अशा खुणा असत. हेतू साम्राज्याचा होता, पण पायपीट आणि डोकं या माणसांचं होतं. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने नैनसिंगांना सुवर्णपदक दिलं, ते त्यांनी कमावलेलंच होतं.

काय काय लागेल

शंभर मण्यांची माळ (घरातल्या माळेचे आठ मणी काढू नका, आजी ओरडेल, बाजारातून मणी आणून ओवा), अंशांच्या खुणा असलेलं होकायंत्र, कडक पुठ्ठ्याची वही, शिसपेन्सिल, कोनमापक, दोरा आणि एक नट, ०.१ अंशापर्यंत वाचता येणारा थर्मामीटर, किटली आणि स्टोव्ह. फोन पिशवीत तळाशी ठेवा. तो सगळ्यात शेवटी, पडताळ्यासाठी काढायचा.

पारा आणू नका. तो विषारी आहे आणि पुढे सांगतो त्या कामाला त्याच्यावाचून अडत नाही.

पहिली पायरी: आपलं पाऊल ओळखा

पंडितांच्या चालीचा हिशेब मैलाला साधारण २,००० पावलांचा होता. म्हणजे एक पाऊल साडेएकतीस इंचांच्या आसपास, ऐंशी सेंटिमीटर. सपाटीवर, चढावर, उतारावर पाऊल तेवढंच पडावं यासाठी त्यांना घोटवून घेण्यात आलं होतं.

आपल्याला एवढी शिस्त जमणार नाही आणि जमवायचीही गरज नाही. आपलं पाऊल केवढं पडतं ते माहीत असलं की पुरे. त्यासाठी मोजलेलं अंतर हवं. शंभर मीटरचा टेप असेल तर उत्तम. नसेल तर आपल्याकडे जुनी सोय आहे: गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आणि ते ३३ फूट म्हणजे मोजणी खात्याची जुनी साखळी. वीस साखळ्या ६६० फूट होतात, मैलाचा बरोबर आठवा भाग. ज्यांच्या शेताची मोजणी नुकतीच झाली आहे, त्यांनी नकाशावरची सरळ हद्द घ्यावी आणि बांधावरून चालावं.

एकाच अंतरावर दहा वेळा चाला, पाच वेळा जाताना आणि पाच वेळा येताना. रोजच्या चालीने चाला. मुद्दाम ढांगा टाकलेलं पाऊल अर्ध्या तासात आखडतं. माझी सपाटीवर शंभर मीटरला १३१ ते १३३ पावलं पडली, म्हणजे पाऊल ७६ सेंटिमीटरचं. मग चढावर हेच करा, उतारावर करा, आणि संध्याकाळी पाय दमल्यावर पुन्हा करा. चढावर माझं पाऊल ६८ वर आलं. हे तीन-चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढची सगळी मोजणी त्यांच्यावर उभी राहणार आहे.

डोंगरात आणखी एक भानगड असते. नकाशावर आडवं अंतर येतं आणि आपण तिरक्या उतारावर चालतो. दहा अंशांच्या चढावर फरक दीड टक्क्याचा, तो सोडून द्या. वीस अंशांवर तो सहा टक्के होतो, तिथे वजा करावाच लागतो.

दुसरी पायरी: मोजायचं, पण मोजतोय असं दिसू द्यायचं नाही

दर शंभराव्या पावलाला एक मणी सरकवायचा. दर दहावा मणी मोठा ठेवायचा. एक मोठा मणी म्हणजे हजार पावलं, आणि माळ पुरी फिरली की दहा हजार, पंडितांच्या हिशेबाने पाच मैल. ही युक्ती साधी आहे, पण तिच्यामागचा विचार फार मोलाचा आहे. माणसाचं डोकं शंभरापर्यंत नीट मोजतं. हजारापर्यंत मोजायला लावलं की “सातशे तीस की आठशे तीस?” असा घोळ होतोच. माळेमुळे डोक्याकडे फक्त शंभराचं काम राहतं, बाकीची आठवण बोटांकडे जाते.

पावलं उजव्या पायावरच मोजली तर श्रम निम्मे होतात, पन्नास झाले की मणी. सुरुवातीला मी हेच केलं. नंतर दोन्ही पायांवर आलो, कारण खडकाळ वाटेत उजवा कुठला आणि डावा कुठला याचं भान सुटतं.

मोजणीचा खरा शत्रू चढ नव्हे, गप्पा. कुणी बोलायला आलं की आकडा गेलाच. नैनसिंग अशा वेळी प्रार्थनाचक्र फिरवू लागत. जप करणाऱ्याला मध्येच बोलायचं नाही ही रीत तिबेटात होती, तशी आपल्याकडेही आहे. वारीच्या वाटेवर माळ ओढत चाललेल्या माणसाला कोण हटकतं? त्याच चक्रात लगेच नोंदीची पट्टी सरकवता यायची.

आणि चालता आलं नाही तर? त्यांचे चुलतभाऊ किशनसिंग १८७८ ते १८८२ या काळात ल्हासाहून मंगोलियाच्या दिशेने गेले, तेव्हा वाटेत एका लांब टप्प्यावर त्यांना घोड्यावर बसणं भाग पडलं. त्यांनी घोड्याची पावलं मोजली. आपण बैलगाडीतून जात असू तर चाकाला कापडाची चिंधी बांधून फेरे मोजावेत. चाक माणसापेक्षा इमानी असतं.

तिसरी पायरी: दिशा आणि वही

वाट वळली की थांबा. पुढच्या वळणापर्यंत जी ठळक खूण दिसते (झाड, देऊळ, सुळका) तिची दिशा होकायंत्रावर वाचा. तिथे पोचलात की मागे वळून निघालेल्या खुणेची दिशा वाचा. दोन्हींत १८० अंशांचा फरक यायला हवा. दोन अंशांपेक्षा जास्त चुकला तर एका टोकाला लोखंड जवळ आहे: सायकल, विजेचा खांब, विळा, किंवा खाली खडकच. आपला सह्याद्री बेसाल्टचा. त्यात लोहखनिज असतं आणि कातळाला टेकवलेली सुई कधीकधी भलतीकडे वळते. होकायंत्र छातीच्या उंचीवर धरा, कातळावर ठेवू नका.

सुई चुंबकीय उत्तर दाखवते, खरी नाही. महाराष्ट्रात सध्या हा फरक अंशाच्या आत आहे, त्यामुळे छोट्या कामाला तो सोडला तरी चालतं. खरी उत्तर रात्री ध्रुवावरून तपासता येते.

वहीतली नोंद अशी असावी. ही माझ्याच वहीतली:

“४. कडुलिंब ते सांडवा. दिशा १४०, उलट ३२१. पावलं ५१२. डावीकडे पाणी, उजवीकडे ज्वारी. १९० वर ओढा, कोरडा, उडी. ४०० वर विजेचा खांब, उजव्या हाताला.”

मधल्या खुणा कंटाळा न करता लिहा. खाडाखोड करू नका, चुकीवर एकच रेघ मारा म्हणजे खालचा आकडा वाचता येतो. आणि “आठवेल नंतर” असं स्वतःला कधीही सांगू नका.

चौथी पायरी: तळं

डोंगराळ मुलखात तळं ही मोजणाऱ्याला मोठीच देणगी. सबंध काठ एका उंचीवर असतो, त्यामुळे एकाच ठिकाणी उंची काढली की भोवतालची सगळी वळणं त्या पातळीला बांधली जातात. समोरचा किनारा उघडा दिसतो. पण काठ फसवाही असतो. लव्हाळं, चिखल, पावसाळ्यात चढणारं आणि उन्हाळ्यात हटणारं पाणी. म्हणून तारीख लिहिल्याशिवाय काठाची नोंद करू नये. पाण्यापासून दूर, उतारावर जुन्या किनाऱ्याच्या आडव्या रेघा दिसल्या तर त्याही टिपाव्यात. तिबेटच्या पठारावर कित्येक तळ्यांभोवती त्या दिसतात, पाणी कधीकाळी केवढं वर होतं ते सांगतात.

पद्धत दोन प्रकारची. फिरता येत असेल तर काठाने फिरायचं आणि वर सांगितल्याप्रमाणे मोजायचं. १८७२ मध्ये किशनसिंग तिबेटातल्या नामत्सो तळ्यावर गेले तेव्हा त्यांनी हेच केलं, आणि पुढे वाटेत दरोडेखोरांनी त्यांना लुटलं. फिरता येत नसेल तर आपल्या काठावर एक सरळ रेषा पावलांनी मोजा, समजा ५०० पावलं. तिच्या एका टोकावरून समोरच्या प्रत्येक भूशिराची, बेटाची, देवळाची दिशा घ्या. दुसऱ्या टोकावरून त्याच खुणांच्या दिशा पुन्हा घ्या. कागदावर रेघा ओढा, जिथे छेदतील तिथे खूण. छेदणारा कोन तीस अंशांपेक्षा लहान असेल तर रेघा एकमेकींवर लोळतात आणि छेद कुठे आहे ते कळत नाही, अशा वेळी पायारेषा लांबवा. एक अंशाची चूक किलोमीटरवर सतरा मीटर होते, दहा किलोमीटरवर पावणेदोनशे.

पाणी चाखून बघा. लडाख-तिबेट सीमेवरच्या पँगाँग तळ्याचं पूर्वेकडचं पाणी गोडं आणि पश्चिमेकडचं खारट, हे असं चाखूनच कळतं आणि पाणी कुठून शिरतं आणि कुठे अडून राहतं याचा अंदाज येतो. नैनसिंग १८७४ मध्ये लेहहून निघून पँगाँगच्या काठाने पूर्वेला गेले आणि मग तळ्यांमागून तळी ओलांडत ल्हासाला पोचले. सामान मेंढ्यांच्या पाठीवर होतं. तिथून तवांगमार्गे ते १८७५ च्या मार्चमध्ये आसामात उतरले.

आता या पायरीवरची सगळ्यात महत्त्वाची सूचना. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळ्या शाईने लिहा. पहिल्या ल्हासा-फेरीत नैनसिंग यामद्रोक तळ्याच्या काठाने गेले. तळं कड्यासारखं गोल आणि मधोमध मोठं बेट, असं त्यांच्या नोंदींवरून नकाशावर आलं. युरोपातल्या जुन्या नकाशांतही ते तसंच होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. प्रत्यक्षात ते बेट नाही, जमिनीला चिंचोळ्या पट्ट्याने जोडलेलं द्वीपकल्प आहे. काठाचा जेवढा भाग पायाखालून गेला तेवढा बरोबर होता, न चाललेला चुकला. नकाशावर न चाललेला काठ तुटक रेघेने दाखवायचा असतो. तुटक रेघ काढायला लाज वाटू देऊ नका.

पाचवी पायरी: किटलीने उंची

उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. मोटामोटी दर ३०० मीटरला एक अंश सेल्सियस. समुद्रकाठी १००, पुण्यात ९८ च्या जरा वर, कळसूबाईच्या माथ्यावर (१,६४६ मीटर) साडेचौऱ्याण्णवच्या आसपास, ल्हासात ८८, मानसरोवरावर ८५. तिथे डाळ शिजत नाही याचं कारण हेच.

खळखळून उकळू द्या, थर्मामीटर पाण्यात बुडवण्याऐवजी लगेच वरच्या वाफेत धरा, कारण पाण्यात काही मिसळलेलं असलं तर त्याचं तापमान चढतं, वाफ कमी फसवते. दोन मिनिटं थांबा, मग वाचा. ०.१ अंशाची चूक म्हणजे तीस मीटर, तेव्हा डोळा आकड्याच्या समोर आणा. खाऱ्या तळ्याच्या काठी असाल तर त्या तळ्याचं पाणी किटलीत घेऊ नका. खारं पाणी जास्त तापमानाला उकळतं आणि तळं आहे त्यापेक्षा खाली असल्यासारखं दिसतं. ओढ्याचं किंवा वितळलेल्या बर्फाचं घ्या.

थर्मामीटरवर विश्वास टाकू नका, फरकावर टाका. निघताना उंची माहीत असलेल्या जागी पाणी उकळा, परतल्यावर तिथेच पुन्हा उकळा. दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर मधे हवा बदलली किंवा थर्मामीटर बिघडला, आणि वरच्या उंच्या तेवढ्याने डळमळीत धरायच्या. १८७४-७५ च्या फेरीत नैनसिंगांनी उंचीसाठी ४९७ नोंदी केल्या. वारा, गोवऱ्यांची धुरकट आग आणि गोठलेली बोटं डोळ्यांपुढे आणली की हा आकडा कळतो.

सहावी पायरी: ध्रुवाकडून अक्षांश

ध्रुवतारा क्षितिजापासून जेवढे अंश वर, साधारण तेवढा आपला अक्षांश. सेक्स्टंटने कोन मोजायला क्षितिज लागतं, आणि डोंगरात क्षितिज कुठलं? त्यासाठी पारा. वाटीत पारा ओतला की त्याचा पृष्ठभाग आपोआप आडवा होतो. आकाशातला तारा आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजायचा. तो उंचीच्या दुप्पट येतो, निम्मा करायचा. दुपटीमुळे वाचनातली चूकही निम्मी होते. तोटा एवढाच की सेक्स्टंट साधारण १२० अंशांपुढे फारसा जात नाही, म्हणून साठ अंशांपेक्षा उंच गेलेला सूर्य मोजता येत नाही. जानेवारीतल्या ल्हासात दुपारचा सूर्य चाळीस अंशांच्या आसपासच असतो, तिथे अडचण नव्हती. महाराष्ट्रात मार्च ते सप्टेंबर सूर्याचा नाद सोडावा.

ज्यांच्याकडे सेक्स्टंट आहे त्यांनी पाऱ्याऐवजी ताटलीत काकवी ओतावी. घट्ट असल्याने वाऱ्याने थरथरत नाही आणि गडद असल्याने सूर्याचं प्रतिबिंब छान दिसतं. सेक्स्टंटच्या काळ्या काचा लावल्याशिवाय सूर्याकडे किंवा काकवीतल्या सूर्याकडेही बघू नका. मुंग्यांचा बंदोबस्त तुमचा तुम्ही करा.

सेक्स्टंट नसेल तर कोनमापकाच्या सरळ कडेला नळी चिकटवा, मध्यावर दोरा बांधून नटाचा ओळंबा सोडा. नळीतून ध्रुव धरा, दोरा चिमटीत पकडा, कोन वाचा. दोरा नव्वदपासून जेवढा सरकला तेवढी उंची. दहा वाचनं घ्या, सरासरी काढा. हे साधन अर्ध्या अंशाच्या पलीकडे जात नाही, आणि अर्धा अंश म्हणजे पंचावन्न किलोमीटर! सेक्स्टंटवाला एका मिनिटापर्यंत (अंशाच्या साठाव्या भागापर्यंत) जातो, म्हणजे १.८५ किलोमीटरपर्यंत. पेटीला चोरकप्पा का करावा लागला ते इथे कळतं.

ध्रुवताराही आकाशातल्या खऱ्या ध्रुवबिंदूवर नसतो. आज तो अर्ध्या-पाऊण अंशाने बाजूला आहे. नैनसिंगांच्या काळी जवळजवळ दीड अंशाने होता, त्यामुळे वेळ बघून दुरुस्ती केल्याशिवाय त्यांना चालण्यासारखं नव्हतं.

रेखांश मात्र विसरा. त्यासाठी अचूक घड्याळ हवं. चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंश. ल्हासाच्या अक्षांशावर घड्याळ एक मिनिट चुकलं की जागा चोवीस किलोमीटर सरकते. खेचराच्या पाठीवर महिनोन् महिने हिंदकळलेल्या घड्याळापेक्षा मोजलेलं पाऊल पुष्कळ बरं.

सातवी पायरी: कागद

प्रत्येक टप्प्याची पावलं मीटरमध्ये आणा. मग अंतर गुणिले दिशेचा कोसाइन म्हणजे उत्तरेकडे किती गेलात, आणि अंतर गुणिले साइन म्हणजे पूर्वेकडे किती. उणे आलं तर दक्षिण किंवा पश्चिम. रकाने भरा, बेरजा करा, आलेखाच्या कागदावर बिंदू मांडा.

फेरी मारून जिथून निघालात तिथेच आलात तर दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. येत नाहीत. दोन टक्क्यांच्या आत चूक असेल तर ती टप्प्यांच्या लांबीच्या प्रमाणात सगळ्यांत वाटून टाका.

इथे सावध राहा, कारण फेरी जुळली म्हणजे नकाशा बरोबर असं होत नाही. तुमचं पाऊल दर वेळी दहा टक्के चुकत असेल तरी फेरी सुबक जुळते, फक्त तळं दहा टक्के मोठं होतं. होकायंत्र दर वेळी पाच अंश चुकत असेल तरी ती जुळते, सबंध नकाशा पाच अंश फिरलेला असतो. या चुका फेरीला दिसतच नाहीत. त्यांना पकडायला दुसऱ्या जातीचं माप लागतं. पावलांना अक्षांश पकडतो: दोन मुक्कामांचे अक्षांश माहीत असले की त्यांच्यातलं उत्तर-दक्षिण अंतर आकाशाने दिलेलं असतं, त्यावरून आपलं पाऊल त्या वाटेवर खरं केवढं पडलं ते काढायचं, आणि तेच पाऊल पूर्व-पश्चिम टप्प्यांना लावायचं. होकायंत्राला ध्रुव पकडतो. आणि सगळ्यांना मिळून आधी माहीत असलेली ठिकाणं पकडतात, नैनसिंगांच्या वाटेला एका टोकाला काठमांडू होतं, दुसऱ्या टोकाला मानसरोवर. छोट्या तलावाला अक्षांशाचा उपयोग नाही, तिथे एक टप्पा टेपने मोजून घ्या.

माझा मणी

आता फसलेल्या फेरीकडे. तलावाभोवती नऊ टप्पे, एकूण ३,८६० पावलं, म्हणजे तीन किलोमीटरला जरा कमी. रात्री बेरजा केल्या तर शेवटचा बिंदू सुरुवातीच्या बिंदूच्या ७५ मीटर उत्तरेला आणि ३० मीटर पश्चिमेला पडला. सरळ अंतर ८१ मीटर. वाटून टाकावी इतकी ही चूक लहान नव्हती. पुन्हा सगळा तलाव चालायचा उत्साहही नव्हता.

मग लक्षात आलं की चुकीलाही दिशा असते. बंद न झालेली फट ३३८ अंशांकडे होती, उलट केली तर १५८. त्या दिशेने जाणारा एखादा टप्पा आखूड मोजला गेला असेल तरच अशी फट पडते. वही चाळली. जवळ जाणारा टप्पा एकच: चौथा, १४० अंश, कडुलिंब ते सांडवा. आणि फट ८१ मीटरची. माझी शंभर पावलं ७६ मीटर होतात. म्हणजे एक मणी.

सकाळी तेवढाच टप्पा पुन्हा चाललो. १९० वर ओढा आला, वहीप्रमाणे. पण विजेचा खांब ४०० वर यायच्या ऐवजी ५०० वर आला. सांडवा ६१२ वर. दुरुस्ती करून बेरीज केली तर फट पंचवीस मीटरवर आली, एक टक्क्याच्या आत.

ओढा आणि खांब यांच्यामध्ये आदल्या दिवशी काय झालं होतं ते तिथे उभं राहिल्यावर आठवलं. ओढ्यावरून उडी मारल्यावर एका मेंढपाळाने आवाज दिला होता, “काय हरवलंय का पाव्हणं? खाली बघत चाललाय म्हणून विचारलं.” मी थांबून हसत उत्तर दिलं होतं आणि मणी सरकवायचा राहिला होता.

तो त्या सकाळीही मेंढ्या घेऊन तिथेच होता. मी माळ जरा वर धरली, ओठ हलवत ठेवले आणि मान लववून पुढे गेलो. त्याने हात जोडले आणि मेंढ्या बाजूला घेतल्या.